पाया खणण्याआधी : रोमन सरहद्द, कल्याण बंदर आणि उल्हास खोरे

आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. रोमन साम्राज्याची सरहद्द, तिथे नवं बांधकाम होण्यापूर्वी झालेली पुरातत्त्वीय तपासणी, आणि त्याचा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरशी काय संबंध? संबंध दोन आहेत. एक म्हणजे, रोमन जगाची एक सागरी कड आपल्या कल्याणपर्यंत येऊन टेकली होती. दुसरा म्हणजे, आज या तिन्ही शहरांत रोज कुठे ना कुठे पाया खणला जातो आहे. खणण्याआधी कोणी खाली बघतं का, हा आजचा प्रश्न आहे.

आधी मूळ सरहद्दीकडे जाऊ. इ. स. १२२च्या सुमारास सम्राट हेड्रियनच्या काळात ब्रिटनच्या उत्तर भागात एक दगडी भिंत बांधायला घेतली. लांबी सुमारे ११७ किलोमीटर. तिच्या पूर्व टोकाला सेगेडुनम नावाचा किल्ला होता. किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा डोंगरी गड नव्हे. सपाट जागेवर आखलेली लष्करी छावणी, आत ओळीने बराकी. आज त्या गावाचं नाव वॉल्सएंड आहे, म्हणजे शब्दशः भिंतीचं टोक.

एकोणिसाव्या शतकात तिथे खाणी आणि जहाजबांधणीचे कारखाने वाढले. कामगारांसाठी घरांच्या ओळी उभ्या राहिल्या, त्या थेट किल्ल्यावरच. शंभरेक वर्षं लोक तिथे राहिले. १९७०च्या दशकात ती घरं पाडली, तेव्हा पुन्हा लगेच बांधकाम करण्याऐवजी तिथे उत्खनन करायचं ठरलं. १९७५ ते १९८४ या काळात ते चाललं आणि जवळजवळ संपूर्ण किल्ल्याचा आराखडा हाती आला. पुढच्या उत्खननात एक बारकावा कळला. घोडदळाच्या बराकीत पुढच्या खोलीत घोडे आणि मागच्या खोलीत स्वार राहत. हे कशावरून कळलं? पुढच्या खोल्यांच्या जमिनीत घोड्यांचं मूत्र साठण्यासाठी खणलेले लांबट खड्डे होते. हे कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नव्हतं. मातीच्या रंगातला फरक कोणीतरी थांबून पाहिला, म्हणून कळलं.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा मुद्दा यावर आहे. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा तिची जागा महत्त्वाची असते. कुठल्या थरात, किती खोल, कशाच्या शेजारी. पोकलेनच्या एका फटकाऱ्यात वस्तू कदाचित वाचेल, पण जागा वाचत नाही. थर एकदा मिसळले की ते परत लावता येत नाहीत.

इंग्लंडमध्ये १९९० साली नियोजनाच्या धोरणात एक स्पष्ट तत्त्व आलं. एखाद्या जागेखाली जुने अवशेष असण्याची शक्यता असेल, तर बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी तिथे काय आहे ते तपासायचं. शक्य असेल तर ते जागच्या जागी राखायचं, शक्य नसेल तर नीट उत्खनन करून नोंद करायची, आणि त्याचा खर्च साधारणपणे बांधणाऱ्याने उचलायचा. १९९२मध्ये माल्टातल्या व्हॅलेटा इथे युरोपीय देशांनी याच दिशेचा करार केला. ही तपासणी म्हणजे काही प्रत्येक प्लॉटवर वर्षानुवर्षं खोदत बसणं नव्हे. तिच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी टेबलावरची : जुने नकाशे, गॅझेटियर, शिलालेख, गावची नावं. दुसरी, जमिनीवरून चालत जाऊन खापरं, विटा, दगड पाहणं. तिसरी, संशय असेल तिथे दोन-चार अरुंद चर घेणं. बहुतेक ठिकाणी काम इथेच संपतं आणि बांधकाम सुरू होतं. फारच थोड्या जागी चौथी पायरी, म्हणजे पूर्ण उत्खनन, लागते.

आता कल्याणकडे येऊ. रोमची जमिनीवरची सरहद्द भिंती आणि नद्यांनी आखलेली होती. समुद्रावर भिंत कशी घालणार? तिथे सरहद्द म्हणजे बंदरं. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरून निघालेली जहाजं मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने आपण ती ओळखतो. त्यात सोपारा आहे, चौल आहे आणि ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याणही आहे. कल्याणबद्दलची नोंद मोठी नवलाची आहे. थोरल्या सरगनसच्या काळात हे रीतसर व्यापारी बंदर होतं, पण पुढे सँडानेसच्या ताब्यात गेल्यावर तिथल्या व्यापारावर बंधनं आली. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर ते पहाऱ्यात बारिगाझाला, म्हणजे भडोचला, नेलं जाण्याची भीती होती. सरगनस हा सातवाहन राजा असावा आणि या बंधनांमागे सातवाहन-क्षत्रप स्पर्धा असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, भिंत नसली तरी पहारा होता.

कल्याण पुढेही टिकलं. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणहून आलेल्या दात्यांचे लेख आहेत, त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक लेखकाने ‘कल्लियाना’चा उल्लेख केला, तेव्हाही तिथून धातू, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जात होतं.

बंदर एकटं उभं राहत नाही. त्याला मागून माल पुरवणारा मुलूख लागतो. कल्याणहून घाटावर जाणाऱ्या दोन मोठ्या वाटा होत्या. एक मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नरला. दुसरी उल्हास नदीच्या कडेने, आजच्या अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूने कर्जतकडे, आणि तिथून बोरघाट व आसपासच्या घाटवाटांनी वर. या दुसऱ्या वाटेवर, राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे लेणी आहेत. तिथे कान्ह याचा शिष्य बालक याने काम केल्याचा छोटा लेख आहे. घाट चढून गेलं की कार्ले, भाजे, बेडसे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट इथल्या यवनांनी दान केले, असं त्या खांबांवरच कोरलेलं आहे. त्या काळी ‘यवन’ हा शब्द ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परकीयांसाठी वापरत. म्हणजे आपली कर्जत-कल्याण लोकल ज्या खोऱ्यातून धावते, ते खोरं दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराचं मागचं अंगण होतं.

या व्यापाराचं दुसरं टोक खोदलं गेलं आहे. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. तिथल्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलोंच्या आसपास काळी मिरी सापडली. भारतातलं सागवान सापडलं. २०२२मध्ये तर तिथल्या मंदिराच्या आवारात बुद्धाची मूर्ती मिळाली. आणि आपल्या टोकाला? कल्याणची आपली माहिती अजून मुख्यतः ग्रंथांतून आणि लेण्यांतल्या लेखांतून येते. धक्का कुठे होता, गोदामं कुठे होती, वस्ती किती पसरली होती, याचं उत्तर जमिनीत आहे, आणि त्या जमिनीवर दाट शहर आहे.

इथे कोणी विचारेल, काही असतं तर वर दिसलं नसतं का? घाटावर जुन्या गावाचं पांढरीचं टेकाड दिसतं. शेकडो वर्षांच्या राखेने, कुजलेल्या भिंतींनी माती पांढुरकी होते. आपली ‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही जुनी विभागणी त्यातूनच आली. कोकणात मात्र पाऊस टेकाड धुऊन नेतो आणि नदी गाळ आणून टाकते. उल्हास किती पाणी आणते ते बदलापूरकरांना सांगायला नको. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. असे पूर दोन हजार वर्षं आले असतील, तर नदीकाठचा जुना पृष्ठभाग गाळाखाली कितीतरी खोल गेलेला असणार. शेत नांगरताना तो लागत नाही. तो लागतो इमारतीचं फुटिंग खणताना. म्हणजे इथे आधुनिक बांधकाम हा पुराव्याचा सगळ्यात मोठा शत्रू आहे आणि पुरावा दिसण्याची जवळजवळ एकमेव संधीही तेच आहे.

आता अंबरनाथ. वालधुनीच्या काठचं शिवालय सगळ्यांना माहीत आहे. त्यावरचा शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. शिलाहार राजा छित्तराजाच्या काळात मंदिर सुरू झालं आणि मम्मुणीच्या काळात पूर्ण झालं, असं सर्वसाधारण मत आहे. या लेखाच्या वाचनाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला तेव्हा वर्ष शके ७८२ असं वाचलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असं दुरुस्त केलं. एका अंकात दोनशे वर्षांचा फरक! पण दुरुस्ती शक्य झाली, कारण दगड जागेवर होता आणि दुसऱ्या माणसाला तो पुन्हा पाहता आला. १८६८मध्ये मुंबई सरकारने या मंदिराची मोजमापं, रेखाचित्रं आणि शिल्पांचे साचे करून घेतले, त्या कामात जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. त्यानंतर पाऊस-वाऱ्याने जे झिजलं, ते पाहायला आज ती चित्रं उपयोगी पडतात.

मंदिर राहिलं. पण एवढं मंदिर काही रानात एकटं उभं राहिलं नसणार. दगड कुठून काढला, पाथरवट कुठे राहिले, पुजाऱ्यांची आणि देवळाला नेमून दिलेली गावं कुठे होती? मंदिर केंद्र सरकारच्या संरक्षणात आहे. १९५८च्या कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण आहे. म्हणजे एकूण ३०० मीटर. अकराव्या शतकातली वस्ती काही या टेपने मोजून वसलेली नव्हती. तीनशे एकाव्या मीटरला जेसीबी लागला, तर ‘आधी बघा’ असं त्याला सांगणारी पक्की व्यवस्था नाही. १८७८चा निखात निधीचा कायदा आहे, पण तो जमिनीत किमती वस्तू सापडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा असं सांगतो. सापडण्यापूर्वी शोधा, असं तो सांगत नाही. आणि फुटलेल्या खापराला किमती वस्तू कोण म्हणणार?

न बघता खणण्याची किंमत आपल्या देशाने एकदा मोजलेली आहे. आपल्याकडे रेल्वे १८५४मध्ये कल्याणला आली आणि १८५६मध्ये अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूने खोपोलीपर्यंत गेली. त्याच दशकात पंजाबात लाहोर-मुलतान मार्गाचं काम चालू होतं. भरावासाठी आयत्या भाजलेल्या विटा हव्या होत्या, त्या हडप्पा नावाच्या गावी ढिगाने मिळाल्या. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नोंदवलं आहे की सुमारे १०० मैल लोहमार्गाला त्या पुरल्या. त्या विटा किती जुन्या होत्या ते १९२०च्या दशकात, हडप्पा आणि सिंधमधलं मोहेंजोदडो खोदल्यावर, जगाला कळलं. हडप्पाचे वरचे थर तोवर रुळांखाली गेलेले होते.

सिंधचं नाव निघालं की उल्हासनगर आलंच. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर चार’, ‘बॅरेक नंबर अमुक’ असं सांगतात. इंग्लंडात ज्या गावांच्या नावाशेवटी ‘चेस्टर’ येतं, तिथे बहुधा रोमन छावणी होती; लॅटिनमधल्या छावणीच्या शब्दाचाच तो अवशेष आहे. तसाच हा ‘कॅम्प’.

मग प्रश्न असा, ऐंशी वर्षांच्या बराकीला पुरातत्त्व म्हणायचं का? आमचं उत्तर हो असं आहे. वॉल्सएंडची बराक आज मोलाची वाटते, कारण स्वार आणि घोडा एका छपराखाली कसे राहिले ते तिने सांगितलं. उल्हासनगरच्या बराकीत एका लांब दालनाच्या अनेक खोल्या कशा झाल्या, पार्टिशन कुठे घातलं, चूल कुठे आली, माळा कधी टाकला, दुकान पुढे कसं सरकलं, यात एका विस्थापित समाजाने पाय कसे रोवले ते दिसतं. सरकारी फायलीत ‘कुटुंबसंख्या’ सापडेल, हे सापडणार नाही. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात स्वयंसेवकांनी गावोगाव फिरून महायुद्धातल्या संरक्षक बांधकामांच्या सुमारे २०,००० नोंदी केल्या. टेप, कॅमेरा आणि वही एवढंच साहित्य. उल्हासनगरात पुनर्विकासाला जाणाऱ्या प्रत्येक बराकीचा नकाशा आणि तिथे राहिलेल्या एका माणसाची मुलाखत, एवढं पाडण्याआधी सहज होऊ शकतं. ज्यांनी त्या बराकींत पहिली चूल मांडली, ती पिढी आता फार थोडी उरली आहे.

आता विरोधी बाजू नीट ऐकून घेऊ. लोकांना घरं हवी आहेत. बदलापूरला फ्लॅट घेणारा माणूस आयुष्याची पुंजी आणि वीस वर्षांचा हप्ता घालतो. ताबा सहा महिने लांबला तर भाडं आणि हप्ता दोन्ही त्याच्याच खिशातून जातात. त्याला ‘खाली सातवाहन आहेत, थांबा’ असं सांगणं सोपं नाही. धोकादायक इमारतीत राहणाऱ्याला तर त्याहून नाही. आणि बांधणाऱ्याच्या मनात भीती असते की काही सापडलं, कळवलं, तर काम बंद पडेल. म्हणून काही निघालंच तर ते रातोरात डंपरमध्ये भरलं जातं आणि कुठल्यातरी भरावात जातं. ही भीती हीच खरी अडचण आहे. ती शिक्षेने जाणार नाही. तपासणी आधी झाली, तिची मुदत ठरलेली असली आणि तिचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात सुरुवातीलाच धरला, तर ती जाते. वॉल्सएंडसारखा किल्ला दर प्लॉटला निघत नाही. बहुतेक वेळा नोंद होते आणि इमारतही होते.

आपल्याला हे जमणार नाही, असंही कोणी म्हणू नये. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणारं नागार्जुनकोंडा १९५४ ते १९६० या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने पद्धतशीर खोदलं आणि निवडक अवशेष उंचावर हलवून पुन्हा उभे केले. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात रोमन बनावटीची समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. ती आज तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या आत कोल्हापूरला जर ती पोचली, तर कल्याणच्या वाटेवर काय काय सांडलं असेल याचा विचार करा.

मग आपण काय करायचं? तिन्ही शहरांच्या विकास आराखड्यांत रस्ते, नाले, आरक्षणं दाखवतात. त्यात आणखी एक थर हवा : जुने अवशेष असण्याची शक्यता असलेल्या जागांचा. नदीकाठ, जुनी गावठाणं, तळी, वीरगळ आणि गधेगाळ सापडलेल्या जागा, मंदिराचा आसपास. अशा जागी पाया खणताना एक प्रशिक्षित माणूस काही दिवस उभा राहील, एवढी अट परवानगीत घालता येईल. माणसं आहेत. पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, मुंबई विद्यापीठात पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालतात, आणि साष्टी बेटाच्या सर्वेक्षणात तिथले विद्यार्थी गल्लीबोळांतून फिरले आहेत.

आणि आपल्यापैकी कोणाच्या सोसायटीत, शेतात, रस्त्याच्या कामात काही दिसलं तर? स्वतः खणू नका. उत्खननाला परवाना लागतो. वस्तू घरी नेऊ नका. फोटो काढा, शेजारी पट्टी नसेल तर पेन ठेवा, म्हणजे आकार कळेल. खड्ड्याच्या बाजूचाही फोटो घ्या, म्हणजे वस्तू कुठल्या थरातून निघाली ते दिसेल. खोली आणि तारीख लिहा. मग पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठाला कळवा. काय बघायचं? नेहमीपेक्षा मोठ्या, चपट्या विटा. एकावर एक बसवलेली मातीची कडी, म्हणजे जुनी कड्यांची विहीर. काचेचे मणी. आणि जाड खापर, आतून काळा डांबरासारखा लेप असलेलं. अशी खापरं पूर्वी सर्रास रोमन मद्यकुंभांची समजली जात. पुन्हा तपासल्यावर त्यांतली बरीचशी इराणी आखाताकडच्या लांबट कुंभांची निघाली. इथेही भाऊ दाजींच्या अंकासारखंच झालं. खापर जपलं होतं, म्हणून पुन्हा तपासता आलं.

येत्या उन्हाळ्यात तुमच्या गल्लीत काम निघालं तर पहिल्या दिवशी, काँक्रीट पडायच्या आधी, दहा मिनिटं त्या खड्ड्याच्या कडेला उभे राहा आणि बाजूची माती बघा. आमचं आजचं मागणं एवढंच आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.